वादळात मी मैत्रिणीला मागे सोडून पळाले

पत्र (थोडक्यात, नाव न देता):

ताई, मी पंधरा वर्षांची आहे. सात आठवड्यांपूर्वी शाळा भरलेली असताना मोठं वादळ आलं. दुपारी एकदम अंधारून आलं, दिवे गेले. बाईंनी खिडक्या लावून घ्यायला सांगितलं. आमच्या बाकाजवळची खिडकी खरं तर मी लावायची, कारण त्या कडेला मी बसते. पण मी जागची हललेच नाही आणि माझी मैत्रीण उठली. तेवढ्यात तावदान फुटून आत आलं, ती खाली पडली. मला थांबायला भरपूर वेळ होता, तरी मी पळायचं ठरवलं. थेट व्हरांड्यात गेले, मागे वळूनही पाहिलं नाही. तिच्या उजव्या हाताला नऊ टाके पडले, मला खरचटलंही नाही. त्या रात्री फोनवर तिने एवढंच विचारलं, "कुठे होतीस तू?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून आम्ही नीट बोललो नाही. मुलं अजून त्या दिवसाचे व्हिडिओ पाठवतात आणि रात्री मी तेच पुन्हा पुन्हा बघते. आभाळ भरून आलं की पोटात गोळा येतो. पोट दुखतंय असं सांगून पाच वेळा घरी राहिले. घरचे म्हणतात, तुला तर काहीच झालं नाही, मग कशाचं एवढं? शाळा बदलावी असं वाटतं. तिला सगळं खरं सांगू की गप्प बसू? आणि तिची कंपासपेटी बाकाखाली पडली होती, ती उचलून मी माझ्या दप्तरात ठेवली होती. ती अजून माझ्याकडेच आहे. आता ती कशी देऊ?

उत्तर:

तू मला ताई म्हटलंस, म्हणून ताईसारखंच बोलते. तू तीन गोष्टी विचारल्या आहेस: शाळा बदलू का, खरं सांगू का, आणि कंपासपेटी कशी देऊ. मला त्यांच्या मागे एक चौथा प्रश्न ऐकू येतो, जो तू लिहिला नाहीस. 'मी वाईट आहे का?' गेले सात आठवडे तू त्याचं उत्तर मनातल्या मनात 'हो' असं देत आली आहेस आणि बाकीचे तिन्ही प्रश्न त्या 'हो'मधून निघालेत. म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलू.

'मी पळायचं ठरवलं' असं तू लिहितेस. 'ठरवलं' हा शब्द मला पटत नाही. जिवावर बेतल्यासारखं वाटतं तेव्हा शरीर लढायला किंवा पळायला स्वतःच सज्ज होतं, हे वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वीच मांडलं होतं. अ‍ॅड्रेनालिन रक्तात उतरतं, छाती धडधडते, पचन थांबतं, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धावतं. तुझ्या पोटात आजही जो गोळा येतो तो याचाच भाग आहे. लढणं आणि पळणं यांच्या जोडीला तिसरीही एक तऱ्हा असते, ती म्हणजे थिजून जाणं. खिडकी लावायला सांगितल्यावर तू जागची हलली नाहीस, तेव्हा तू थिजली होतीस. काच फुटली तेव्हा पाय सुटले. आधी थिजणं आणि मग पळणं, दोन्ही लागोपाठ घडलं, आणि यातल्या कशालाही तुझी परवानगी विचारली गेली नव्हती. विचार करणाऱ्या मेंदूपर्यंत बातमी पोचायच्या आधीच शरीर कामाला लागलेलं असतं.

यावर तू म्हणशील, पण ताई, मला खरंच भरपूर वेळ होता, मला तो क्षण न् क्षण आठवतो. तुला तसं वाटतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. डेव्हिड ईगलमन या मेंदूशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही लोकांना ३१ मीटर उंचीवरून पाठमोरं खाली जाळ्यात सोडलं आणि नंतर विचारलं, पडायला किती वेळ लागला? दुसऱ्यांना पडताना पाहून त्यांनी जो अंदाज केला होता, त्याहून स्वतःचं पडणं त्यांना सरासरी ३६ टक्के लांब वाटलं. मग त्या वेळात त्यांना जास्त काही टिपता आलं का, हेही तपासलं होतं. मनगटावर एक यंत्र बांधलं होतं आणि त्यावरचे आकडे इतक्या वेगाने लुकलुकत होते, की एरवी ते वाचता येत नाहीत. पडतानाही कुणाला ते वाचता आले नाहीत. म्हणजे वेळ वाढला नव्हता. भीतीच्या क्षणी आठवणी दाट साठतात आणि मागे वळून पाहताना तो क्षण लांबच लांब वाटतो. तुझा 'भरपूर वेळ' तुझ्या आठवणीत आहे. त्या दुपारी, त्या वर्गात, तो बहुतेक नव्हताच.

माझीही एक आठवण सांगते. मी सातवीत असताना आमच्या शाळेवरून असंच वादळ गेलं. मधल्या सुट्टीनंतर पत्रे उडाले आणि मी धाकट्या भावाला शोधत त्याच्या वर्गापर्यंत पळत गेले, अशी माझी कित्येक वर्षं खात्री होती. मोठेपणी बोलता बोलता भाऊ म्हणाला, "अगं, तू नव्हती आलीस. मीच तुझ्या वर्गात आलो होतो, तू बाकाखाली बसली होतीस." माझ्या मनाने मला शूर करून ठेवलं होतं. तुझ्या मनाने तुला भित्री करून ठेवलं असेल, तर तेही तपासून पाहायला हवं.

आणि तपासायला तुझ्याच पत्रात एक जागा आहे. तू म्हणतेस, मागे वळूनही पाहिलं नाही. मग तिची कंपासपेटी बाकाखालून उचलली कोणी? कधीतरी तू परत आत गेलीस. वादळ ओसरल्यावर असेल, दप्तरं आणायला सांगितल्यावर असेल, पण काचा पडलेल्या त्याच वर्गात तू गेलीस, तिच्या जागेपाशी वाकलीस आणि तिची वस्तू सांभाळून ठेवलीस. तुझ्या गोष्टीत पळाल्याचं एक वाक्य आहे, परत आल्याचं एकही नाही. ते का गळलं, याचा विचार कर.

आता खिडकी. 'ती मी लावायची होती' हा काटा मला सगळ्यात खोल रुतलेला दिसतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. मोठ्या गडगडाटी ढगातून पाऊस आणि गारा खाली येताना आजूबाजूची हवा थंड होते. थंड हवा जड असते. ती लोंढ्यासारखी खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूबाजूंना पसरते. टेट्सुया फुजिता या हवामानशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात वादळानंतर विमानात बसून जमिनीवर पडलेली झाडं वरून पाहिली, तेव्हा ती चाकाच्या आऱ्यांसारखी एका मध्यापासून बाहेरच्या दिशेला आडवी झालेली त्याला दिसली. त्यावरूनच हा वरून कोसळणारा वारा त्याने ओळखला. हा वारा मिनिटा-दोन मिनिटांत अंगावर येतो आणि ताशी १०० किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा दाब चौपट होतो. मघापर्यंत नुसतं खडखडणारं तावदान पुढच्याच क्षणी का फुटतं, ते यावरून कळेल.

अशा वेळी खिडकी लावायला कुणीच उठायचं नसतं. तूही नाही आणि तुझी मैत्रीणही नाही. वारा सुरू झाल्यावर काचेपासून दूर होणं हे पहिलं काम, खिडकी उघडी राहिली तर राहू दे. मी तुझ्या बाईंना बोल लावत नाही, कारण त्यांनीही घाईत तेच केलं जे आपण सगळे सवयीने करतो. पण हे वाचणाऱ्या शिक्षकांना मी कळकळीने सांगते, की मुलांना भिंतीच्या आतल्या बाजूला घ्या. शक्यतो तळमजल्यावरच्या, खिडक्या नसलेल्या बोळात किंवा लहान खोलीत न्या. खाली बसवा, डोकं हातांनी किंवा दप्तराने झाकायला सांगा. सभागृहासारख्या मोठ्या दालनात गोळा करू नका. तिथलं लांबरुंद छप्पर मधे आधार नसल्यामुळे आधी जातं. खिडक्या उघड्या ठेवल्या की हवेचा दाब सारखा होतो आणि इमारत वाचते, ही समजूतही खोटी आहे. हे सगळं वादळाच्या दिवशी सांगून उपयोग नाही, कोरड्या दिवशी मुलांकडून दोन-तीनदा करून घ्यावं लागतं. ज्या मुलाला जायचं कुठे हे पायांनी माहीत असतं, त्याचे पाय थिजण्याची शक्यता कमी होते.

तेव्हा ती खिडकी तुझ्या वाट्याची नव्हती. तुझ्याऐवजी तुझी मैत्रीण जखमी झाली, हा हिशेब चुकीचा आहे. तू उठली असतीस तर हे पत्र कदाचित तिने लिहिलं असतं.

आता त्या फोनकडे येते. "कुठे होतीस तू?" तू हे आरोप म्हणून ऐकलंस. मी ते वाक्य दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. अंधारात, धुळीत, हातातून रक्त येत असताना तिने इकडेतिकडे पाहिलं असेल आणि रोज शेजारी बसणारी तू तिथे दिसली नसशील. त्या रात्री घरी पोचल्यावर, टाके ताजे असताना, तिने फोन कुणाला केला? तुला. हा प्रश्न रागाचा असू शकतो. पण तूही ठीक आहेस ना, या काळजीचाही असू शकतो, किंवा तिच्या आठवणीत जिथे अंधार आहे तिथे तू काहीतरी सांगशील म्हणून विचारलेला साधा प्रश्न असू शकतो. त्यावर तू गप्प राहिलीस. आता तिच्या बाजूने विचार कर. ती सात आठवडे काय समजत असेल? मला तर वाटतं, तू पळालीस याच्यापेक्षा तू नंतर दूर गेलीस याचंच तिला जास्त लागलं असेल.

म्हणून गप्प बसण्याचा पर्याय मी बाजूला ठेवते. गप्प राहिलीस तरी उत्तर जातंच, फक्त ते तिला हवं तसं लावता येतं.

शाळा बदलण्याचं काय? काही मुलांना ते खरोखर गरजेचं असतं: इमारत सुरक्षित नसेल, किंवा त्या घटनेवरून तिथे कुणी रोज टोचून बोलत असेल. तुझ्या पत्रात यातलं काही नाही. नव्या शाळेलाही खिडक्या असतील, वरचं आभाळही हेच असेल आणि "कुठे होतीस तू?" हा प्रश्न तुझ्याबरोबर तिथे येईल. एवढा मोठा निर्णय निदान हे सत्र संपेपर्यंत घेऊ नकोस. तोवर जे करून पाहायचं ते करू.

तिच्याशी बोलताना कसं बोलायचं ते सांगते. मेसेजवर लिहू नकोस, समोर बस, पण चारचौघींत नको. लांबण लावू नकोस. असं काहीतरी म्हण: "त्या दिवशी काच फुटली तेव्हा मी खूप घाबरले आणि व्हरांड्यात पळाले. तू पडलीस हे मला कळलं होतं. तू फोनवर विचारलंस तेव्हा सांगायची लाज वाटली, म्हणून मी तुला टाळत राहिले. मला माफ कर. तुला त्या दिवशी काय काय झालं, ते मला ऐकायचं आहे." शेवटचं वाक्य विसरू नकोस. तुझं सांगून झालं की तिचं ऐक, मध्ये स्वतःची बाजू मांडू नकोस. मी वर जे कॅनन आणि ईगलमनबद्दल लिहिलं, ते तुझ्या मनासाठी आहे. तिला ते ऐकवलंस तर ती सबब वाटेल.

आणखी एक जपायचं आहे. तुला रडू आलं तर येऊ दे, पण तुझी समजूत काढण्याचं काम तिच्यावर पडू देऊ नकोस. टाके तिच्या हाताला पडलेत. ती चिडली, तर तिला तो हक्क आहे. "बरं" एवढंच म्हणून उठून गेली, तरी तू तुझं काम केलंस. माफी मागितल्यावर माफी लगेच मिळते असं नाही, कधीकधी महिना जातो. त्या महिन्यात तू रोज जशी वागशील, ते ती पाहत असेल. उजवा हात दुखावलाय, लिहिणं जड जात असेल. वह्या पूर्ण करायला मदत हवी का, हे विचार. न विचारता करायला जाऊ नकोस, कारण त्यात तिचं मन हलकं होण्यापेक्षा तुझंच जास्त होईल.

आता आभाळाचं. अंधारून आलं की तू घरी राहतेस आणि पोटातला गोळा विरघळतो. त्या सुटकेतून तुझा मेंदू दर वेळी एकच गोष्ट शिकतो: 'घरी राहिले म्हणून वाचले.' पुढच्या वेळी गोळा आणखी मोठा येतो. हे उलटं करायचं तर थोडंथोडं, पायरीपायरीने जवळ जावं लागतं. पाऊस भुरभुरत असताना घरच्या कुणाला तरी शेजारी घेऊन खिडकीपाशी पाच मिनिटं उभी राहा. मग ढगाळ दिवशी शाळेत जा, निदान पहिल्या तासापुरती. त्यानंतर मधल्या सुट्टीपर्यंत. बाईंना आधी सांगून ठेव, की मला जड वाटलं तर मी व्हरांड्यात पाच मिनिटं बसून परत येईन. 'परत येईन' महत्त्वाचं आहे. जागा बदलून भिंतीच्या कडेला मागून घ्यायलाही हरकत नाही. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव: चार मोजत आत, सहा किंवा आठ मोजत बाहेर. धडधड थोडी उतरते.

भीती सगळीच घालवायची नाही, हेही सांगते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोज. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा पक्क्या इमारतीत असायला हवं, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास मैदानात जायचं नाही. हे मोजणं तुझ्या हाताला एक काम देतं. वादळ जवळ येतंय की लांब जातंय, हे तुझं तुला कळतं. भीतीला जेव्हा आकडा मिळतो तेव्हा ती नुसती पोटात बसून राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

रात्रीचे व्हिडिओ मात्र आजपासून बंद. २०१३ साली बॉस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले, त्यानंतर केलेल्या अभ्यासात रोज सहा किंवा जास्त तास त्याच बातम्या आणि दृश्यं पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. तू तिथे होतीस आणि वरून रोज पाहतेही आहेस. मला वाटतं, तू त्या व्हिडिओंत स्वतःला शोधतेस, आपण खरंच पळालो का ते पाहायला. ते त्यात सापडणार नाही.

थोडं घरच्यांसाठी. 'तुला तर काहीच झालं नाही' हे तुम्ही धीर देण्यासाठी म्हणता, ते मला कळतं. मुलीला मात्र असं ऐकू येतं, की तिला घाबरण्याचा हक्कच नाही. जखम नसलेल्या मुलांच्या मनावरही वादळाचा ओरखडा राहतो. काहींची झोप उडते, काहींना शाळा नकोशी होते, लहान मुलं पुन्हा आईला चिकटून झोपायला लागतात, बिछाना ओला करतात. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत निवळतं. तिला खोदून विचारू नका, सगळं बोलून टाक म्हणून मागेही लागू नका. बळजबरीने एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याचा जुना प्रकार आता तज्ज्ञ टाळायला सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली संकटात सापडलेल्यांना मानसिक प्रथमोपचार कसे द्यावेत याची पुस्तिका काढली. तिचं सार आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. तुमच्या मुलीकडे सात आठवडे नीट पाहिलं असतं, तर पाच वेळा दुखलेलं पोट आणि ढगाळ आभाळ यांची जोडी लागली असती. आज तिच्याजवळ बसा आणि म्हणा, "आम्हाला वाटलं नव्हतं तुला इतकं लागलंय. सांगायचं असेल तेव्हा सांग."

आणि तुला, बाळा, आणखी एक स्पष्ट सांगायचं आहे. अशा घटनेनंतर पहिला महिनाभर झोप न लागणं, दचकणं, तेच डोळ्यांपुढे येणं स्वाभाविक धरतात. तुला सात आठवडे झालेत आणि शाळा बुडते आहे. त्यामुळे माझ्या उत्तरावर थांबू नकोस. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांच्याकडे, नसतील तर आईवडिलांबरोबर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. अशा अनुभवांनंतर मुलांसाठी खास बेतलेली बोलण्याची उपचारपद्धती असते. तीत आठवड्याला एकदा असं काही महिने भेटतात आणि तिचा चांगला उपयोग होतो. जीव नकोसा वाटायला लागला, स्वतःला इजा करावीशी वाटली, तर एक दिवसही वाट न पाहता घरातल्या मोठ्या माणसाला उठवून सांग, रात्र असली तरी.

राहिली कंपासपेटी. ती कशी द्यायची हे तू शेवटी विचारलंस, पण मला वाटतं सुरुवात तिच्यापासूनच होईल. कागदात बांधू नकोस, चिठ्ठी घालू नकोस, दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवू नकोस. उघडून बघ, आत काचेचा बारीक चुरा राहिला असेल तर फडक्याने जपून काढ, तिचे टाके नुकतेच भरलेत. उद्या शाळेत ती एकटी दिसेल तेव्हा पुढे कर आणि म्हण, "ही त्या दिवशी बाकाखाली सापडली, मी परत आले होते तेव्हा."